पिकअपमधून डिझेलची वाहतूक

पोकलेन, जनरेटर, ऊसतोडणीचे हार्वेस्टर किंवा बोअरवेलचे यंत्र यांना पेट्रोलपंपापर्यंत नेणे शक्य वा परवडणारे नसते. त्यांच्यासाठी उघड्या हौद्याच्या लहान मालवाहू गाडीतून, बॅरल अथवा कॅनमध्ये भरून डिझेल कामाच्या जागी नेण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात सर्रास आढळते.

डिझेल पेट्रोलइतके चटकन पेटत नाही, हे खरे असले तरी त्यावरून काढला जाणारा निर्धास्तपणाचा निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने क्षणभर पेटू शकते, त्यास प्रज्वलनबिंदू म्हणतात. भारतीय मानकानुसार वाहनांच्या डिझेलचा प्रज्वलनबिंदू किमान ३५ अंश सेल्सियस असावा लागतो. विदर्भातील उन्हाळ्यात हवाच ४५ अंशांपर्यंत तापत असल्याने उन्हात ठेवलेल्या बॅरलमधील डिझेल ही मर्यादा सहज ओलांडू शकते. शिवाय तुषारांच्या रूपात उडालेले किंवा चिंधीत मुरलेले डिझेल त्याहून कमी तापमानालाही पेट घेते.

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार प्रज्वलनबिंदू २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान असलेली इंधने ‘ब’ वर्गात येतात आणि डिझेलची गणना त्यातच होते. या वर्गातील एकूण साठा २,५०० लिटरपेक्षा अधिक नसेल व त्यातील कोणतेही पात्र १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर साठवण व वाहतुकीसाठी परवाना लागत नाही. ही सवलत परवान्यापुरती असून तिच्यामुळे डिझेल विकण्याचा अधिकार मिळत नाही. अधिनियमाखालील नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे.

व्यवहारात मात्र कायद्याच्या मर्यादेआधी गाडीची मर्यादा येते. डिझेलचे वजन लिटरला सुमारे ८३० ग्रॅम असल्याने २०० लिटरचे लोखंडी बॅरल भरल्यावर १८० किलोंच्या पुढे जाते, आणि अशी आठ बॅरल दीड टन क्षमतेच्या पिकअपला पुरी होतात. अर्धवट भरलेल्या मोठ्या टाकीत वळणावर वा ब्रेक लावताना द्रव एका बाजूस लोटला जाऊन गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून आडपडदे नसलेल्या घरगुती टाकीपेक्षा बॅरल बरी. ती बूच वर ठेवून उभी करावीत, पुढच्या बाजूला एकमेकांना भिडवावीत आणि पट्ट्यांनी हौद्याच्या कड्यांना आवळावीत. केवळ फाळक्याच्या आधारावर सोडू नयेत. तापमान २० अंशांनी वाढल्यास २०० लिटर डिझेल तीन लिटरांहून अधिक प्रसरण पावते, त्यामुळे पात्र काठोकाठ न भरता सुमारे पाच टक्के जागा मोकळी ठेवणे आवश्यक असते.

सर्वांत दुर्लक्षित टप्पा भरण्याचा होय. नळीतून वाहताना डिझेलमध्ये स्थिर विद्युत् साठते आणि गंधक जवळपास काढून टाकलेले, १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले बीएस-६ डिझेल तर विजेचे आणखीच मंद वाहक असल्याने हा भार लवकर ओसरत नाही. म्हणून कॅन हौद्यातील प्लास्टिकच्या अस्तरावर न ठेवता जमिनीवर उतरवून, नोझल पात्राच्या तोंडाला टेकवून सावकाश भरावे. जड बॅरल हौद्यातच भरायचे असल्यास त्याला आर्थिंगची तार जोडावी. पूर्वी पेट्रोल असलेल्या पात्रात डिझेल भरणे विशेष घातक ठरते, कारण आत उरलेली पेट्रोलची वाफ एका ठिणगीने स्फोट घडवू शकते. जस्ताचा मुलामा दिलेली पात्रे इंधन खराब करतात. खाद्यतेलाचे जुने डबे तर या कामाचे नव्हेतच.

गाडीत कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या असाव्यात. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारल्यास ते पाण्यावर तरंगत पसरते. सांडलेले डिझेल दुचाकीस्वारांना घसरवते, तसेच विहिरीत झिरपू शकते, म्हणून त्यावर ताबडतोब वाळू वा भुसा टाकून ते मिश्रण गोळा करावे. डिझेलच्या हौद्यात मजूर बसवणे कोणत्याही अंतरासाठी समर्थनीय नाही. ज्यांना रोज मोठ्या प्रमाणात इंधन लागते, त्यांच्यासाठी मापक पंपासह मान्यताप्राप्त टाकी बसवलेल्या गाड्यांतून घरपोच डिझेल मिळण्याची सोय असून इंडियन ऑइलने तिचा प्रारंभ २०१८ मध्ये पुण्यातून केला.