पूर्णगडचा मारुति व वीराचा आनंद

रत्नागिरीच्या दक्षिणेस मुचकुंदी नदी समुद्रास मिळते, तेथें तिच्या मुखाशीं टेकडीवर पूर्णगड नांवाचा एक लहानसा किल्ला उभा आहे. जांभ्या दगडाचा तट, मोजके बुरूज, आंत थोडीशी मोकळी जागा आणि समोर अफाट अरबी समुद्र, इतकेंच त्याचें वैभव. त्याच्या उभारणीचा मान कोणी शिवछत्रपतींस देतात, कोणी आंग्र्यांस. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तेव्हां कोंकणांतील इतर किल्ल्यांबरोबर हाहि इंग्रजांच्या हातीं गेला, आणि खाडींत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्याचें त्याचें काम कायमचें संपलें. आतां खाडीवर पूल झाला असून पलीकडे गांवखडीस मोटारी जातात. किल्ल्याची परवानगी कोणास लागत नाहीं. मात्र किल्ल्याच्या दरवाजासमोर मारुतीचें देऊळ आहे. किल्लेदार गेले, तोफा थंडावल्या. मारुतीची नेमणूक मात्र कोणी रद्द केली नाहीं.

महाराष्ट्रांतील किल्ल्याचा दरवाजा किंवा गांवची वेस घ्या, बहुतेक ठिकाणीं हाच पहारेकरी आढळेल. असें कां, म्हणून विचारिलें तर लहान मूलहि उत्तर देईल, कीं मारुति बलवान् आहे म्हणून. हें उत्तर खोटें नाहीं, पण अर्धें आहे. बळानें पाहूं गेल्यास रामायणांत रावण, कुंभकर्ण, वाली हेहि कमी नव्हते. त्यांतील कोणास आपण वेशीवर बसविलें नाहीं. मारुतीच्या बळांत असें कांहीं तरी आहे, कीं ज्यामुळें तें बळ जवळचें वाटतें. तें कांहीं तरी म्हणजे त्याचा आनंदी स्वभाव होय, आणि आपल्या अलीकडच्या स्मरणांतून नेमका तोच पुसट होत चालला आहे, असें मला वाटतें. म्हणून या वीराच्या शक्तीचा व स्वभावाचा इतिहास एकत्र पाहणें इष्ट आहे.

प्रथम शक्ति घेऊं. वाल्मीकीच्या सुंदरकांडांत हनुमान् शंभर योजनें समुद्र ओलांडतो, तेव्हां वाटेंत त्याला तिघेजण आडवे येतात. पहिला मैनाक पर्वत. तो मित्रभावानें वर येऊन, क्षणभर विसांवा घे, असें म्हणतो. त्यास हनुमान् हातानें स्पर्श करून आदर दाखवितो, आणि न थांबतां पुढें जातो. दुसरी सुरसा. माझ्या तोंडांत शिरल्यावांचून कोणास पुढें जातां येणार नाहीं, असा तिला वर आहे. ती जबडा वाढवीत जाते, हाहि देह वाढवीत जातो. आणि मग एकदम अंगठ्याएवढा होऊन तिच्या मुखांत शिरतो, बाहेर येतो, व नमस्कार करून सांगतो, कीं बाई, तुझा वर खरा झाला, आतां येतों. तिसरी सिंहिका. ती सांवली पकडून ओढते व गिळूं पाहते. तिला मात्र तो ठार करतो. तीन अडथळे, तीन निरनिराळे उपाय: एकाशीं विनय, दुसऱ्याशीं युक्ति, तिसऱ्याशीं बळ. ज्याच्याजवळ तिन्ही आहेत व कोणतें कोठें वापरावें हें कळण्याचा विवेकहि आहे, तो खरा समर्थ.

मोठें होण्याची शक्ति पुष्कळांस हवी असते. लहान होण्याची शक्ति हें मारुतीचें वैशिष्ट्य आहे. लंकेंत तो रात्रीं शिरतो तो मांजराएवढा होऊन. अशोकवनांत सीता दिसल्यावर तिच्याशीं कोणत्या भाषेंत बोलावें, याचा तो विचार करतो: द्विजासारखें संस्कृत बोललों तर हा रावणच आहे असें वाटून ती भिईल, तेव्हां साध्या माणसाच्या बोलीनें बोलावें. एवढ्या घाईच्या प्रसंगींहि, समोरचें माणूस आपल्या विद्वत्तेनें घाबरेल काय, ही चिंता त्याला आहे. किष्किंधाकांडांत राम त्याच्या भाषणाची प्रशंसा करतो, तींत, इतकें बोलला पण मुखावर, डोळ्यांत, भिंवईंत कोठेंहि विकार दिसला नाहीं, असें एक निरीक्षण आहे. ही त्याची पहिली ओळख आहे, आणि ती एका प्रसन्न चेहऱ्याची आहे.

हा स्वभाव आला कोठून? उत्तरकांडांत त्याच्या बालपणाची कथा आहे. उगवता सूर्य फळ समजून झेंप घेतली, इंद्राचें वज्र हनुवटीवर बसलें, आणि पुढें देवांचे वर मिळाले. वर मिळालेलें मूल शांत बसेना. ऋषींच्या आश्रमांत जाऊन तें यज्ञाचें साहित्य उधळूं लागलें. शेवटीं ऋषींनीं शाप दिला, कीं कोणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझें बळ आठवणार नाहीं. या शापांत एक मोठी कृपा दडलेली आहे. ज्याला आपलें बळ सदैव आठवतें, त्याच्याजवळ बसणें कठीण असतें. मारुति मात्र समुद्रकिनाऱ्यावर इतर वानरांपासून दूर मुकाट्यानें बसतो, आणि जांबवान् त्याला तो कोण आहे हें सांगतो तेव्हां आनंदानें वाढूं लागतो.

परंतु आनंद म्हणजे केवळ खोड्या नव्हेत. सुंदरकांडांतील एक प्रसंग या दृष्टीनें फार मोलाचा आहे. रावणाच्या अंतःपुरांत निजलेली रूपवती मंदोदरी पाहून हनुमानाला वाटतें, कीं हीच सीता. मग या वीराला कांहीं सुचत नाहीं. तो दंड थोपटतो, शेपटीचें चुंबन घेतो, नाचतो, गातो, खांबावर चढतो व खालीं उडी टाकतो. वाल्मीकि मोठ्या कौतुकानें सांगतात, कीं त्यानें आपला वानरस्वभाव दाखविला. पुढच्याच क्षणीं त्याच्या ध्यानांत येतें, कीं रामावांचून असलेली सीता अशी सुखानें झोंपणार नाहीं. ही दुसरी कोणी आहे. आनंद खोटा ठरला. पुन्हा शोध, पुन्हा निराशा. इतकी निराशा, कीं परत जाण्यापेक्षां मरण बरें, असा विचारहि त्याच्या मनांत येऊन जातो. या काळोखांत तो स्वतःस एक शब्द सांगतो: अनिर्वेद. अनिर्वेद म्हणजे मन खचूं न देणें. तेंच वैभवाचें मूळ, तेंच परम सुख, असें तो म्हणतो. जेथें पाहिलें नाहीं तेथें पाहूं, असें ठरवितो, आणि उठतो.

मारुतीच्या आनंदी स्वभावाची किल्ली या एका शब्दांत आहे. त्याचा आनंद यशानंतर मिळालेलें बक्षीस नाहीं. तो यशापूर्वींच, किंबहुना अपयशाच्या पोटांत, त्याच्याजवळ असतो. म्हणून त्याला पुन्हा आरंभ करितां येतो. यश आल्यावर मग तो वानरांसह सुग्रीवाच्या राखून ठेविलेल्या मधुवनांत मध लुटूं देतो, आणि इकडे सुग्रीव रखवालदाराची तक्रार ऐकून ओळखतो, कीं काम फत्ते झालें. नाहीं तर यांची ही छाती झाली नसती!

मराठी कवींस या विनोदाची गोडी लवकर कळली. एकनाथांचें भावार्थरामायण १५९९ सालीं त्यांच्या देहावसानानें अपुरें राहिलें व त्यांच्या शिष्यानें पुरें केलें. श्रीधराचा रामविजय १७०३ सालीं पंढरपुरास पूर्ण झाला. या परंपरेच्या आधारानें कीर्तनकारांनीं लंकेंतील शेपटीचा प्रसंग असा रंगविला, कीं वस्त्रें गुंडाळतां गुंडाळतां लंकेंतील कापड संपलें, आग पेटेना म्हणून खुद्द रावण फुंकावयास बसला, आणि दाढीमिशा जाळून घेता झाला. श्रोते पोट धरून हंसले. जुलमी राजास हंसतां येतें, हें त्या काळच्या प्रजेला शिकविणें लहानसें काम नव्हतें.

समर्थ रामदासांनीं (१६०८ ते १६८१) या देवतेस बलोपासनेचें रूप दिलें, हें सर्वश्रुत आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत त्यांचे अकरा मारुति दाखविले जातात. चाफळास त्यांपैकीं दोन आहेत: रामासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुति, आणि देवळामागचा प्रताप मारुति. एकाच देवाचीं हीं दोन रूपें एकाच आवारांत ठेवण्यांत समर्थांची दृष्टि दिसते. नम्रतेवांचून प्रताप नको, व प्रतापावांचून नम्रता नको. घरोघर मुलें म्हणतात त्या त्यांच्या भीमरूपी स्तोत्रांतहि रुद्राच्या उग्र वर्णनाबरोबर सुख देणारा, दुःख हरण करणारा हें वर्णन आहेच.

लोकांनींहि या देवाशीं थट्टेची सलगी ठेविली. पुणें शहरांतील मारुतींचीं नांवेंच पाहा: डुल्या मारुति, जिलब्या मारुति, पत्र्या मारुति, भिकारदास मारुति. ज्याच्याविषयीं धाक वाटतो त्याला असलीं नांवें कोणी ठेवीत नाहीं. हीं घरच्या माणसाचीं नांवें आहेत. पुढें एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत मारुति तालमीचा देव म्हणून विशेष पुढें आला. १९१४ सालीं अमरावतीस निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें त्याचें नांव घेतलें, व त्या मंडळाचे खेळाडू १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिन येथें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आले. दुर्बळ झालेल्या समाजाला दंडाच्या बेटकुळीची आठवण करून देणें आवश्यकच होतें. परंतु या काळांत मारुतीचा दंड जितका मोठा झाला, तितकें त्याचें हसूं लहान झालें, हेंहि नाकबूल करतां येत नाहीं.

आपल्या शतकांत या कथेस तीन नवीन वळणें लागलीं. २००५ सालीं व्ही. जी. सामंत यांनीं दिग्दर्शित केलेला 'हनुमान' हा चलच्चित्रपट निघाला व बालमारुति पुन्हा मुलांचा सवंगडी झाला. २००९ सालीं हैदराबादेंत तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' नांवाचा व्हिडिओ गेम प्लेस्टेशन २ या यंत्रावर खेळण्यासाठीं आला. देवाला खेळणाऱ्याच्या अंगठ्यानें उड्या मारावयास लावणें हा देवाचा अपमान, असा आक्षेप त्यावर परदेशांत घेण्यांत आला. आक्षेप घेणाऱ्यांची भावना समजण्यासारखी आहे. तथापि ज्या देवाला सुरसेशीं खेळ करतांना कमीपणा वाटला नाहीं, त्याचा मान मुलांच्या खेळानें जाईल असें वाटत नाहीं. उलट, पडलों तरी न चिडतां पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणें हा कोणत्याहि चांगल्या खेळाचा प्राण असतो, आणि त्याचेंच जुनें नांव अनिर्वेद. फरक एवढाच, कीं खेळांतल्या वीराला गेलेला प्राण परत मिळतो. लंकेंतल्या वीराला तशी सोय नव्हती, आणि तरीहि तो उठला.

तिसरें वळण अधिक विचार करावयास लावणारें आहे. २०१५ सालीं केरळांतील कासरगोड जिल्ह्यांतल्या एका चित्रकारानें भगव्या व काळ्या रंगांत, भुंवया आकुंचित केलेलें हनुमानाचें मुख काढलें. तें चित्र थोड्याच काळांत मोटारींच्या मागच्या कांचांवर देशभर पसरलें. आपल्याला क्रोध दाखवावयाचा नव्हता, असें चित्रकारानें स्वतः सांगितलें आहे; पण लोकांनीं त्याला संतप्त हनुमान् हेंच नांव दिलें व तसाच तो स्वीकारला. कोणी म्हणेल, पहारेकरी उग्र नको काय? चोराला हंसून दाखवावयाचें काय?

याचें उत्तर वाल्मीकीच्या हनुमानानें स्वतःच देऊन ठेविलें आहे. लंका पेटविल्यावर त्याला एकाएकीं आठवतें, कीं सीताहि याच नगरींत आहे. तीच जळाली तर? त्या क्षणीं तो विजयाचा उन्माद विसरून स्वतःची निर्भर्त्सना करतो. जे उठलेला क्रोध पाण्यानें अग्नि विझवावा तसा विवेकानें विझवितात ते धन्य होत. रागावलेला मनुष्य वडिलांचाहि घात करील, अशा अर्थाचें तो बोलतो. सीता सुखरूप असल्याचें कानीं येईपर्यंत त्याला चैन पडत नाहीं. ज्या कृत्याबद्दल आपण त्याला आजवर सर्वांत अधिक टाळ्या दिल्या, त्याच कृत्यानंतर तो क्रोधाला दोष देतो, ही गोष्ट आपल्या मुलांस कोणी सांगतें काय? क्रोधाची मूर्ति म्हणून ज्याला आपण काचेवर चिकटवितों, तो क्रोधाविषयीं काय म्हणाला होता, हें एकदां वाचून पाहिलें पाहिजे.

मराठी घरांत एक जुनी चाल आहे. रात्रीं मूल घाबरलें, अंधारांतून जावयाचें झालें, कीं वडील माणसें सांगतात, मारुतीचें नांव घे, भीमरूपी म्हण. ही चाल ज्यांनीं पाडली त्यांस देवाचा स्वभाव ठाऊक होता. भ्यालेलें मूल चिडलेल्या माणसाकडे धांवत नाहीं, मग तो कितीहि बलवान् असो. तें धांवतें ज्याला स्वतः भीति वाटत नाहीं आणि म्हणून ज्याचा चेहरा शांत आहे, त्याच्याकडे. पूर्णगडासारख्या लहान किल्ल्यावर, समोर अफाट समुद्र व मागें मूठभर शिबंदी अशा स्थितींत ज्यांनीं दाराशीं मारुति बसविला, तीं माणसेंहि कांहीं रात्रीं भीत असतील. त्यांना तेथें ज्याच्या सोबतीनें पहाट होईपर्यंत मन खचणार नाहीं असा कोणी हवा होता. पुढच्या पिढीच्या हातीं आपण कोणता मारुति देणार, हा प्रश्न म्हणूनच केवळ चित्रकलेचा नाहीं. बळ मिळविण्याचे मार्ग तिला पुष्कळ सांपडतील. बळ असून हंसतमुख राहण्याचा मार्ग मात्र आपणच तिला दाखविला पाहिजे.