घरचा माग : आपल्या इतिहासातील एक न लिहिलेले पान

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले की लेखणी सहजच पुराणकथांकडे अथवा राजाश्रयाकडे वळते. भगवान जिव्हेश्वरांचे स्मरण करून आपण साळी लोक दर श्रावण शुद्ध त्रयोदशीस एकत्र येतो, हे योग्यच आहे. तथापि ज्या कामावर आपल्या अनेक पिढ्यांचा चरितार्थ चालला, ते घराच्या पडवीत कसे चालत असे, हे नव्या पिढीस सांगणारे लेखन फारसे आढळत नाही. ती उणीव थोडीबहुत भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दक्षिणेतील कापडाची कीर्ती फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन्ही नगरांचा उल्लेख आहे. तगरचे जाडेभरडे व तलम कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असे. त्या कापडावर विणणाऱ्याचे नाव नव्हते. पुढे पैठणी व येवल्याचे शेले यांची ख्याती झाली, तेव्हाही नाव गावाचे झाले, घराचे झाले नाही.

हे घर काय करीत असे? माग म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसलेला एक पुरुष, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु तो पुरुष मागावर बसण्यापूर्वी निम्मे काम होऊन गेलेले असे. सुताच्या लडी सोडवून असारीवर घ्यावयाच्या, गल्लीत खुंट्या रोवून ताणा घालावयाचा, मग पिठाची खळ लावून कुंच्याने पांजणी करावयाची. ऊन चढण्यापूर्वी हे उरकावे लागे, कारण खळ अवेळी वाळली की धागा ठिसूळ होई. ४५ इंच पन्ह्याच्या लुगड्यास इंचाला ६० धागे धरले, तरी ताण्यात २,७०० धागे होतात. जुन्या ताण्याच्या टोकास त्यांतील प्रत्येक नवा धागा बोटाने पीळ देऊन सांधावा लागे. रहाटावर कांड्या भरण्याचे काम म्हाताऱ्या आजीकडे व लहान मुलांकडे असे. ही सर्व सिद्धता झाल्यावर धोटा चाले.

रंगाचीही अशीच कथा आहे. पुष्कळ गावी हे काम निराळी व रंगारी बंधू करीत. काही विणकर घरे मात्र सूत घरीच रंगवीत. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून चुना व टाकळ्याचे बी यांसारखे पदार्थ घालून ती रांजणात आंबवीत. त्यातून काढलेले सूत प्रथम हिरवट पिवळे दिसे व वारा लागताच निळे होई. चंद्रकळेचा गडद रंग हवा असेल, तर हीच बुडवणी पुनःपुन्हा करावी लागे. तांबडा रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून निघे. मात्र सूत आधी हिरड्याच्या पाण्यात व तुरटीत भिजविल्यावाचून तो रंग धरत नसे. रांजण आंबला की नाही, हे वासावरून ओळखणारी माणसे होती. ते ज्ञान हातातून हातात आले. वहीत उतरले नाही.

मग हे सर्व मोडले कसे? ‘गिरण्या आल्या आणि माग बुडाला’ असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना १८५४ साली झाली. पण गिरणीच्या सुतावर हातमाग पुढेही दीर्घकाळ चाललाच. प्रथम बुडाली ती हाताने सूत कातणारी स्त्री. त्यापाठोपाठ रंगाची पाळी आली. १८५६ साली इंग्लंडात पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग शोधला. १८६९ च्या सुमारास आलीसारखा तांबडा व १८९७ साली जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. आलीचे शेत व निळीचा रांजण दोन्ही थंडावले. सूत आणि रंग पेठेतून विकत घ्यावे लागू लागले, तेव्हा विणकर व्यापाऱ्याच्या उधारीत सापडला. माग घरचा राहिला, परंतु मालकी गेली. १८७६–७८ च्या दुष्काळात शेतकऱ्याने कापड घेणे थांबविले आणि विणकराची चूलही त्याच्याबरोबर थंडावली. १९०४ साली इचलकरंजीत यंत्रमाग सुरू झाला, तो या आधीच खचलेल्या घरावर आलेला घाव होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले. ते २०२० साली बरखास्त करण्यात आले. या काळात आपल्यापैकी बहुतेकांची मुले शाळेत, कचेरीत व कारखान्यात गेली. त्याचा आम्हास विषाद वाटत नाही. कांड्या भरणाऱ्या मुलाच्या हाती पाटी यावी, हीच तर त्या घरांची इच्छा होती. विषाद वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. आपल्या वंशावळ्यांत विणकर म्हणून पुरुषांचीच नावे आहेत. ताणा घालणारी, पांजणी करणारी, सांधणी करताना डोळे गमावणारी स्त्री त्यांत कोठेच नाही. तिला वेगळी मजुरीही मिळत नसे, कारण मजुरी लुगड्यामागे ठरे व ती घरच्या कर्त्याच्या हाती पडे. २०१९–२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लक्ष हातमाग कामगार नोंदले गेले व त्यांत स्त्रियांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक भरले. सरकारी गणनेस जे दिसले, ते ज्ञातीच्या इतिहासास दिसू नये काय?

म्हणून समाजबंधूंस व भगिनींस आमची विनंती आहे. माळ्यावर पडलेला धोटा, फणी अथवा असारी भंगारात घालू नका. घरातील वृद्ध स्त्रियांपाशी बसून खळीचे, रंगाचे व सांधणीचे शब्द त्यांच्या तोंडून लिहून घ्या, आणि वंशावळीत त्यांचे नाव व त्यांचे काम दोन्ही नोंदवा. पुढील स्मरणिकेत अशी दहा घरांची माहिती जरी छापून आली, तरी आपल्या इतिहासाचा ताणा नीट लागला असे आम्ही समजू.