अन्वय आणि आख्यान

‘पुढील आर्येचा अन्वय लावा. अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा. वृत्त ओळखा.’ मराठी माध्यमातून शिकलेल्या कित्येक पिढ्यांना या तीन आज्ञा ओळखीच्या असतील. जुन्या पद्धतीतली इंग्रजी पाचवी म्हणजे आजची नववी. त्या इयत्तेतल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलासमोर महाभारत आले ते असे, तीन आज्ञांच्या पहाऱ्यात. पुष्कळांना त्यातले व्याकरण आवडले नाही आणि व्याकरणामुळे काव्यही नकोसे झाले. ‘व्याकरणाने कविता मारली’ ही तक्रार आपल्याकडे इतकी रूढ आहे की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखात ती तपासायची आहे. आख्यानकाव्य आणि व्याकरण ही दोन्ही मराठी शाळेत एकाच बाकावर कशी येऊन बसली, आणि त्यांचे बिनसले ते नेमके कोठे, हा प्रश्न आहे.

शाळेच्या आधीपासून सुरुवात करू. मोरोपंत पराडकरांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्याचा. आयुष्य गेले बारामतीस, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने. १७९४ मध्ये ते वारले. पुराण सांगणे हा त्यांचा व्यवसाय होता, ही गोष्ट त्यांचे काव्य वाचताना आपण विसरतो. ‘आर्याभारता’त त्यांनी अठराही पर्वे आर्येत आणली, पण त्यांचा श्रोता हातात पुस्तक घेऊन बसलेला नव्हता. आर्या त्याच्या कानी पडे ती कीर्तनात. हरिदास उत्तररंगात आख्यान लावी, आर्या चालीवर म्हणे, मग थांबून तिची पदे सुटी करी; कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, ‘तो’ म्हणजे कोण, हे सांगून अर्थ उलगडी आणि पुन्हा कथेला लागे. म्हणजे अन्वय लावण्याचे काम तेथेही होतच होते. फक्त ते श्रोत्याची परीक्षा म्हणून होत नव्हते. पुढे काय झाले हे कळावे म्हणून होत होते. घरोघरी चातुर्मासात श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ लागे, तेथेही वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असत. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही शकुनीचे फासे आणि अभिमन्यूचा चक्रव्यूह ठाऊक असे, तो या श्रवणामुळे.

व्याकरण मात्र वेगळ्या वाटेने आले. मराठीचे एक आरंभीचे छापील व्याकरण विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूरहून काढले, ते इंग्रजीत आणि मराठी शिकू पाहणाऱ्या परक्यांसाठी. मराठी मुलाला त्याचीच भाषा व्याकरणाने शिकवायची, ही कल्पना त्यानंतरची. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध झाले, तेव्हा दादोबा अवघे बावीस वर्षांचे होते. समोर नमुना होता तो लिंडले मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा आणि पाठीशी संस्कृत परंपरा होती. मराठी या दोन्ही साच्यांत पुरती बसत नव्हती. ‘राम आंबा खातो’ येथपर्यंत ठीक. पण ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने चिंच खाल्ली’ असे म्हणताच क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, आणि ‘रामाने रावणास मारले’ येथे ते दोघांनाही सोडून देते. इंग्रजीच्या चौकटीत याला जागा नाही. कर्तरी, कर्मणी, भावे ही संस्कृतातली नावे घेऊन मराठीचे हे वागणे समजावून सांगणे, यात आपल्या वैयाकरणांची पुढची पाऊणशे वर्षे गेली.

विभक्तींचा तक्ता त्याच घडामोडीतला. द्वितीयेला ‘स, ला, ते’ आणि चतुर्थीलाही ‘स, ला, ते’. प्रत्यय तेच, तर विभक्ती दोन का, ही शंका प्रत्येक वर्गात एखाद्या धीट मुलाने विचारलेली असते. त्याहून मौजेची गोष्ट त्यातल्या ‘ते’ची. घरात, बाजारात, पत्रात कोणी ‘रामाते बोलाव’ म्हणत नाही. हा प्रत्यय तक्त्यात आहे तो जुन्या काव्यात आहे म्हणून. म्हणजे मुलाने घोकलेल्या तक्त्याचा एक तुकडा जिवंत दिसायचा तर तो मुक्तेश्वरात नाही तर मोरोपंतांत दिसणार. व्याकरणाला काव्याची गरज होती ती अशी.

या दोघांची गाठ पडली ती १८५४ मध्ये. परशुराम बल्लाळ तथा परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी त्या वर्षी ‘नवनीत अथवा मराठी कवितांचे वेचे’ हे संकलन सिद्ध केले. पोथ्यांतून, हस्तलिखितांतून विखुरलेली जुनी कविता एका छापील पुस्तकात, शाळकरी मुलाच्या हाती देण्याचे काम या ग्रंथाने केले. पुढे त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. याच तात्यांनी ‘वृत्तदर्पण’ लिहून मुलांना लघु-गुरू आणि गण मोजायला शिकवले. त्यांचे ऋण मोठे आहे. ते मान्य करूनच पुढचे लिहितो आहे.

पुस्तकाच्या नावातच त्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही आहेत. नवनीत म्हणजे लोणी. घुसळून वर आले तेवढे काढून घेतलेले. आणि वेचा म्हणजे वेचून घेतलेला तुकडा. आख्यान हे मुळात वाहते असते. त्याचा वेचा झाला की आधीचे आणि नंतरचे तुटते. नलदमयंतीच्या कथेतली हंसाची कैफियत मुलाने वाचली, पण नळाने दमयंतीला वनात का टाकले हे त्याला दुसरीकडून कळले तर कळले. कीर्तनात जे आख्यान होते त्याचा शाळेत उतारा झाला.

उतारा झाल्यावर त्याचे काय करायचे? प्रश्न विचारायचे. आणि प्रश्न विचारायला पंडिती कविता फार सोयीची होती. मोरोपंतांत लांबलचक समास आहेत, संधी आहेत, यमके आहेत. ओठ न लावता म्हणता येईल असे ‘निरोष्ठ रामायण’ किंवा प्रत्येक पद्यात ‘परंतु’ गुंफणारे ‘परंतु रामायण’ रचण्याची हौस ज्या कवीला होती, त्याच्या काव्यात परीक्षकाला काय उणे? ज्या रचनांना आपण सरसकट आर्या म्हणतो त्यांतील बहुतेक शास्त्रतः गीती आहेत, दोन्ही अर्धांत तीस-तीस मात्रांच्या. हाही एक हमखास प्रश्न होऊ शकतो. तुकोबांचा अभंग मात्र अशा प्रश्नांना फारसा दाद देत नाही. त्यात अन्वय लावण्याजोगे थोडे, आणि ज्याच्यावर विचार करावा असे पुष्कळ. तेव्हा गुण देता येतील अशी कविता वर्गात पुढे सरकली.

यामागे दुसरेही कारण होते आणि ते अधिक गंभीर होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून देशी भाषांना रजा मिळाली आणि त्यांची जागा संस्कृतसारख्या अभिजात भाषांनी घेतली. मराठीत शिकण्यासारखे काय आहे, हा प्रश्न उघड विचारला जात होता. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. अशा काळात मराठी हा ‘कठीण’ विषय आहे हे दाखवणे ही एका अर्थी मराठीच्या अब्रूची गोष्ट होती. शाळेतला अन्वयाचा काच केवळ मास्तरांच्या हौसेने आलेला नाही. त्यात एका भाषेची आपली पायरी सिद्ध करण्याची धडपड आहे. आज त्याला हसताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि व्याकरण जाणणारा माणूस काव्याला मारतोच असे नाही, याचा पुरावा खुद्द दादोबांनी दिला आहे. मोरोपंतांच्या ‘केकावली’वर त्यांनी ‘यशोदा-पांडुरंगी’ ही विस्तृत टीका लिहिली. ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे. केका म्हणजे मोराचा टाहो, आणि ‘मयूर’ कवीने देवाला मारलेल्या हाका म्हणून हे नाव. ज्याने मराठीचे नियम बांधले त्या माणसाने टीकेला नाव दिले ते आपल्या आईवडिलांचे. तेथे पदांची फोड आहे, व्याकरण आहे, पण ते सगळे कवीची हाक नीट ऐकू यावी म्हणून. कीर्तनकाराने जे तोंडी केले तेच दादोबांनी लेखणीने केले.

पुढच्या पिढीत वाद वाढले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तून व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या मतांची चिकित्सा केली. त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली आणि मोरोपंतांची बाजू हिरिरीने मांडली. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले आणि मागच्या सर्व चर्चेचा त्यात हिशेब झाला. या दामल्यांचे थोरले बंधू म्हणजे केशवसुत. एकाच घरात एका भावाने मराठीचे सर्वांत भरघोस व्याकरण लिहिले आणि दुसऱ्याने पंडिती कवितेची वाट सोडून नवी कविता आणली. तोही पोटासाठी शाळामास्तरच होता. व्याकरण आणि कविता यांचे हाडवैर मानणाऱ्यांनी हे घर आठवावे.

एक आवाज मात्र या सगळ्या चर्चेच्या बाहेरचा होता. १८८२ मध्ये, ज्या वर्षी दादोबा वारले त्याच वर्षी, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची त्यांची यादी सरळ आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवर काही धडे. त्यात व्याकरण आहे. जुन्या काव्याचे नाव नाही. पुराणे कोणी कोणासाठी सांगितली, हा फुल्यांचा सवाल होताच. पण ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते त्यांच्या मुलांसाठीही त्यांनी व्याकरण मागितले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सरकारी कागदात काय लिहिले आहे हे ज्याला स्वतः उलगडता येत नाही तो नाडला जातो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ‘कोणी, काय, कोणाचे’ हे विचारता येणे ही त्या माणसाची गरज होती.

‘कोणी, काय, कोणाचे’ हे तीन प्रश्न मग आख्यानातही शोधून पाहू. सभापर्वातला द्यूतप्रसंग घ्या. द्रौपदीला सभेत आणण्यासाठी सेवक येतो, तेव्हा ती रडत नाही. आधी प्रश्न पाठवते. धर्मराज आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? मराठीत हा प्रसंग सांगू लागलो की भाषाच काही दाखवू लागते. ‘शकुनीने राज्य जिंकले, शकुनीने द्रौपदी जिंकली’: येथे क्रियापद जिंकलेल्या वस्तूप्रमाणे बदलते. पण ‘धर्मराज राज्य हरला, भावांना हरला, द्रौपदीला हरला’: येथे कर्म कितीही बदलले तरी क्रियापद धर्मराजाला सोडत नाही. जिंकणाऱ्याचे वाक्य कर्मणी आणि हरणाऱ्याचे कर्तरी. हरण्याची जबाबदारी टाळता येत नाही, असे जणू मराठी बजावते आहे. आणि पुढचा पेच सगळा षष्ठीचा. ‘धर्मराजाची द्रौपदी’ यातली ‘ची’ नात्याची की मालकीची? जो स्वतःच दुसऱ्याचा झाला, त्याचे काही उरते का? भीष्मांसारख्याला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून ते थांबले. विकर्ण तेवढा बोलला.

नववीच्या वर्गात हा प्रसंग आधी सांगावा, कीर्तनकाराच्या पद्धतीने, रंगवून. मुले ‘मग काय झाले?’ म्हणतील. मग आर्या म्हणावी. आणि मग विचारावे, येथे कर्ता कोण, कर्म कोण, ही षष्ठी कसली? तेव्हा अन्वय लावणे हे ओझे राहत नाही; तो द्रौपदीच्या बाजूने केलेला युक्तिवाद होतो.

म्हणून मूळ तक्रारीत थोडी दुरुस्ती हवी. कविता व्याकरणाने मारली नाही. आख्यान काढून घेतले आणि अन्वय तेवढा ठेवला, तेथे बिघडले. हरिदासाचे अर्धे काम शाळेने उचलले आणि अर्धे देवळातच राहू दिले. गेल्या काही दशकांत या काचाला कंटाळून आपण जुने काव्यही कमी केले आणि व्याकरणही सोपे केले. म्हणजे उरलेले अर्धेही टाकून दिले. लोणी काढून झाल्यावर ताक राहते, पण घुसळणेच थांबवले तर दोन्ही मिळत नाहीत. ‘कोण, कोणाला, कोणाचे’ हे विचारण्याची सवय लागलेली मुलगी उद्या करारनामा वाचील, सातबारा वाचील, पुढाऱ्याचे भाषण ऐकेल, तेव्हा त्यातला हरवलेला कर्ता तिला शोधता आला पाहिजे. द्रौपदीने तेच केले होते, आणि सभेला उत्तर देता आले नव्हते.