दूरचं दार

शेजाऱ्याच्या घरात पाऊल न टाकता त्याच्या संसाराची सूत्रं हलवणं ही कला आमच्या विक्रोळीच्या कन्नमवारनगरात पूर्वापार चालत आलेली आहे. यंत्रांना मात्र ती शिकायला १९६९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसमधला चार्ली क्लाईन नावाचा विद्यार्थी सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात शिरू पाहत होता. ‘लॉगिन’ शब्दातलं ‘एल’ गेलं, ‘ओ’ गेलं आणि पलीकडचा संगणक कोलमडला. जगातला पहिला ‘सिस्टीम डाऊन’ तो हाच असावा!

अशा दूरप्रवेशाच्या बोलीला टेलनेट म्हणतात. तिचे पक्के नियम पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी मे १९८३ मध्ये लिहिले. त्याच सप्टेंबरात आपल्याकडे बँक कर्मचारी संघटना संगणकाविषयीच्या करारावर सह्या करत होत्या. आमच्या शेजारची पवईची आय.आय.टी. आणि जुहूची एन.सी.एस.टी. पुढे अर्नेट या जाळ्यात आल्या. १९९२ साली जुहूहून अमेरिकेपर्यंत ६४ किलोबिटांची वाट झाली. म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ हजार अक्षरं. टेलनेटला तेवढी रग्गड, कारण तिथे चित्रं नाहीत, नुसती अक्षरं.

मी बी.कॉम. असल्यामुळे पुढचं सोपं करून सांगतो. नेटवर्कवाला मुख्य स्विचवर बसतो, ‘टेलनेट’ लिहून पुढे दुसऱ्या स्विचचा आयपी पत्ता टाकतो. दुसरा स्विच पासवर्ड विचारतो. पासवर्ड ठरवलेलाच नसेल, तर सिस्कोचा स्विच सहसा आतच घेत नाही. कुलूप नाही म्हणून दार उघडत नाही, हा न्याय मी बँकेतसुद्धा पाहिलेला नाही. आत गेल्यावर ओळीच्या आरंभी स्विचचं नाव दिसतं. ते नीट वाचावं, नाहीतर एकाचं खातं बंद करताना दुसऱ्याचं बंद होतं. कंट्रोल, शिफ्ट आणि सहा दाबून मग एक्स दाबला की माणूस पहिल्या स्विचवर परत. मागचं दार मात्र उघडंच राहतं. धोक्याचा बदल करण्याआधी शहाणा माणूस स्विचला सांगून ठेवतो, ‘दहा मिनिटांनी स्वतःच पुन्हा सुरू हो.’ चुकून आपणच बाहेर कोंडले गेलो, तर बदल जतन केलेला नसल्यामुळे जुनी व्यवस्था परत येते.

ह्या सोयीचा उपकार मोठा. एक तारखेला शाखेचं जाळं अडलं, तर लोकलच्या गर्दीतून इंजिनियर येण्याची वाट पाहत पेन्शनवाले आजोबा बाकावर ताटकळत नाहीत.

पण टेलनेटमध्ये पासवर्ड पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो. वाटेतला कुणीही वाचावा! हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असेच पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ साली तातू इलोनेन याने एसएसएच लिहिलं. टंकायचं तसंच, फक्त पाकीट बंद. तरीही जुन्या यंत्रांवर टेलनेट चालू सापडतंच. ज्या विक्रोळीत गोदरेजच्या तिजोऱ्या घडल्या, तिथल्या माणसाला हे पटणं कठीण. आजोबांची पेन्शन हल्ली तिजोरीत नसते, तारेत असते. तेव्हा कुलूप तारेलाच हवं!