पाय कोण उडवतो?

बाकावर पाय मोकळे सोडून बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या वाटीखाली डॉक्टर लहानशी हातोडी मारतात आणि पाय पुढे उडतो. ‘मी उडवला नाही,’ असे तो माणूस शपथेवर सांगेल. ते खरेच असते. मग उडवला कोणी?

१८७५ साली जर्मनीत अर्ब आणि वेस्टफाल या दोन वैद्यांनी, एकमेकांवर विसंबून न राहता, या क्रियेचे वर्णन केले. अर्ब म्हणाले, ही मज्जारज्जूमार्फत घडणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वेस्टफाल म्हणाले, छे, ताण बसला की स्नायू आपला आपणच आखडतो. हा वाद पुरता मिटायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

उत्तराची किल्ली स्नायूच्या आत होती. तिथे मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या अशा सूक्ष्म रचना असतात. १८६३ साली क्यूने यांनी त्यांना नाव दिले ते चातीचेच. सूत कातायची चाती आपण पाहिलेली आहे. १८९४ साली इंग्लंडात शेरिंग्टन यांनी दाखवले की या चातीतून संवेदना नेणारे तंतू निघतात. हातोडी बसली की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. चाती मज्जारज्जूला वर्दी देते आणि तिथूनच ‘आखड’ असा हुकूम सुटतो. सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागात स्नायू आखडू लागतो. गावचा तंटा पाटलाने जागीच मिटवावा आणि मामलेदाराला मागाहून कळावे, तसे मेंदूला नंतर कळते. १९२४ साली लिडेल आणि शेरिंग्टन यांनी प्रयोगाने सिद्ध केले की मज्जातंतू तोडले तर ताणलेला स्नायू असा आखडत नाही. अर्ब यांचे म्हणणे खरे ठरले.

त्याच १९२४ साली आपल्या पुणे जिल्ह्यात स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. वारज्यावरून जाणाऱ्या हमरस्त्याने देहूरोड गाठून पुढे गेले की लोणावळे लागते. योगक्रिया शास्त्रीय उपकरणांनी तपासून पाहाव्यात, असा स्वामीजींचा आग्रह. आसन झटका न देता सावकाश करावे, ही शिकवण तर आपल्याकडे आहेच. तिचे एक मर्म चातीत सापडते: ताण जितका वेगाने येईल, तितकी ती जोराने ओरडते आणि स्नायू उलटा आखडतो. सावकाश ताणले तर तिची तक्रार कमी असते.

तेव्हा गुरुजी, कवायतीच्या तासाला मुलाचे हात पायाच्या अंगठ्यांना पोचेनात, तर पाठीवर दाबू नका, हिसके देऊ नका. ते मूल हट्टी नसते. त्याचा मज्जारज्जू त्याला राखत असतो.