चौकांतला तांबडा दिवा

अमरावतीच्या इर्विन चौकांत किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेजवळ सकाळीं दहाच्या सुमारास जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याला एक विचित्र देखावा दिसल्यावांचून राहणार नाहीं. तांबडा दिवा लागतो. मोटारी, फटफट्या, रिक्षा थांबतात. पण त्यांतील कित्येक थांबतात त्या नेमक्या रस्त्यावर आंखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर. ज्याच्यासाठीं ते पट्टे आंखले, तो पायीं चालणारा मनुष्य मग वाहनांच्या फटींतून अंग चोरून वाट काढूं लागतो. त्यांत रुग्णालयाकडे निघालेली म्हातारी असते, शाळेला निघालेलें पोर असतें. चौकांतला दिवा हा गाड्यांचा दिवा आहे, अशी गाडींत बसलेल्याची पक्की समजूत असते. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, पायीं चालणाऱ्याचीहि तीच समजूत होऊन बसली आहे. या दिव्याचा इतिहास मात्र कांहीं निराळेंच सांगतो.

वऱ्हाडांत एके काळीं चौकांना दिव्यांची गरजच नव्हती. वाहतुकीला बांध घालणारी जागा म्हणजे गांवाची वेस. अमरावतीचा परकोट पेंढाऱ्यांच्या भीतीनें १८०७ च्या सुमारास निजामाच्या राजवटींत बांधावयास घेतला गेला. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट हीं नांवें त्या परकोटाची आठवण अजून जागी ठेवून आहेत. अकोल्याचा असदगड त्याहूनहि जुना, औरंगजेबाच्या काळांतील असदखानाच्या नांवाचा. तेथील दहीहंडा वेस आणि अगर वेस आजहि लोकांच्या तोंडीं आहेत. वेशीच्या अरुंद तोंडाशीं समोरासमोर दोन गाडीं आलीं, तर एकाला थांबणें भागच असे. पण त्या थांबण्यांत जिवाची भीति नव्हती. ओझ्याच्या बैलाची चाल माणसाच्या चालीहून फारशी अधिक नाहीं. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत जात असे, तोहि पावलापावलानें. रेंगी असो, दमणी असो, वा लादलेली बंडी असो, पायीं चालणारा मनुष्य तिच्या वाटेंतून सहज बाजूला होई. रस्ता सर्वांचा होता, कारण रस्त्यावरील सर्वांचा वेग जवळजवळ सारखा होता.

हा समतोल मोडला तो आगगाडीनें. वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला १८५३ सालीं. त्याच वर्षीं १६ एप्रिल रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या वाटेनें १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास भिडला. अमरावती मुख्य मार्गावर नव्हती; तिला बडनेऱ्याहून लहानसा फांटा जोडण्यांत आला. या लोहमार्गाबरोबरच वऱ्हाडी माणसाला एक नवी भाषा ऐकूं नव्हे, तर दिसूं लागली. ती भाषा रंगीत दिव्यांची.

रेल्वेच्या आरंभींच्या पिढींत या भाषेचे शब्द आजच्यासारखे नव्हते. तांबडा म्हणजे धोका, हें पहिल्यापासून ठरलेलें होतें. परंतु 'मार्ग मोकळा' ही खूण पांढऱ्या दिव्याची होती, आणि हिरव्याचा अर्थ होता 'सावध'. पांढऱ्यामुळें मोठा घोटाळा होई. तांबडी कांच फुटून गळून पडली, तर मागचा दिवा पांढरा दिसे आणि धोक्याच्या जागीं 'खुशाल या' असें निमंत्रण मिळे. शिवाय घराघरांतून व रस्त्यांतून दिवे वाढले, तसा सिग्नलचा पांढरा दिवा कोणता आणि लोकांचा कोणता, हें चालकाला दुरून ओळखूं येईना. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत पांढऱ्याला रजा मिळाली, मोकळ्या मार्गाची खूण हिरव्याकडे आली, आणि विसाव्या शतकांत 'सावध' हा अर्थ पिवळ्याकडे गेला. हिरवा रंग मूळचा सावधगिरीचा, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पुढें तिचें काम पडणार आहे.

वऱ्हाडांतील रस्त्यावरच्या माणसाला तांबड्या दिव्यापुढें थांबण्याचा पहिला धडा मिळाला तो रेल्वेच्या फाटकाशीं. मुख्य मार्गाच्या जोडीला मूर्तिजापुराहून यवतमाळकडे व अचलपुराकडे जाणारी अरुंद मार्गाची 'शकुंतला' आली; तिचें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवत होतें. फाटक पडलें, तांबडें दिसलें, कीं कापसाच्या गाडीवानानें कासरा ओढावा आणि गाडी निघून जाईपर्यंत वाट पाहावी. हा नियम कोणी पुस्तकांतून शिकविला नाहीं. पलीकडून येणारी शक्ति आपल्या बैलांहून थोर आहे, हें गाडीवानाला दिसत होतें. येथें थांबणाऱ्यानें बलवानाला वाट दिली. चौकांतल्या तांबड्या दिव्याचा जन्म मात्र याच्या अगदीं उलट कारणासाठीं झाला.

ती कथा लंडनची आहे. तेथें पार्लमेंटच्या इमारतीपुढील रस्त्यावर घोडागाड्यांची एवढी गर्दी होई कीं, पायीं येणाऱ्यांना पलीकडे जाणें जिवावरचें होऊन बसे. रेल्वेच्या नोकरींत मुरलेले जे. पी. नाइट नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांनीं अशी युक्ति सुचविली कीं, रेल्वेचा सिग्नलच रस्त्यावर आणून उभा करावा. डिसेंबर १८६८ मध्यें तो खांब उभा राहिला. दिवसा त्याचे हात आडवे पसरले म्हणजे गाड्यांनीं थांबावें. हात खालीं तिरपे झाले म्हणजे जपून जावें. रात्रीं त्याच अर्थानें धुराच्या वायूवर जळणारे तांबडे व हिरवे दिवे लागत. खांबापाशीं एक शिपाई उभा राहून तें यंत्र चालवी. त्या वेळीं लोकांना जी सूचना देण्यांत आली, तिचा आशय असा होता कीं, पायीं चालणाऱ्यांना रस्ता ओलांडूं देण्यासाठीं गाड्या थांबविणें जरूर असेल तेव्हांच 'थांबा' ही खूण दाखविली जाईल; आणि 'जपून' ही खूण असतां गाडीवानांनीं पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेकडे लक्ष ठेवून पुढें जावें. म्हणजे रस्त्यावरील पहिला तांबडा दिवा गाड्यांसाठीं नव्हे, तर पायीं चालणाऱ्यांसाठीं लागला. आणि पहिल्या हिरव्यानें 'पळा' असें म्हटलें नाहीं, 'जपून जा' असें म्हटलें. फाटकापाशीं दुबळ्यानें बलवानाला वाट दिली होती. येथें बलवानाला दुबळ्यासाठीं थांबावयास सांगितलें.

दुर्दैवानें हा प्रयोग अल्पायुषी ठरला. महिन्याभरांतच, जानेवारी १८६९ मध्यें, गळणाऱ्या वायूचा स्फोट होऊन यंत्रावरील शिपाई जखमी झाला, आणि पुढील जवळजवळ अर्धशतक ही कल्पना बाजूला पडली. तिला पुन्हां जीव आला तो अमेरिकेंत, मोटारींच्या काळीं. ऑगस्ट १९१४ मध्यें क्लीव्हलंड शहरांत विजेचे तांबडे व हिरवे दिवे लागले. परंतु दोनच रंगांत एक उणीव होती. हिरव्याचा तांबडा एकाएकीं झाला, तर भरधांव येणाऱ्यानें काय करावें? डेट्रॉइट शहरांतील विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्यानें १९२० मध्यें रेल्वेकडूनच तिसरा रंग उसना घेतला आणि चारी बाजूंना तीन रंगांचा दिवा उभा केला. इंग्लंडांत आपोआप बदलणारे दिवे १९२७ सालीं वुल्व्हरहॅम्प्टन येथें आले. पायीं चालणाऱ्यांसाठीं पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची वाट त्या देशांत १९५१ मध्यें कायद्यानें रूढ झाली.

या पिवळ्या दिव्याचा अर्थ जितका सोपा, तितकाच तो उलटा समजला जातो. पिवळा दिसतांच पुष्कळ चालक वेग वाढवितात, जणूं कांहीं दुकान बंद होण्यापूर्वीं आंत शिरावयाचें आहे. वास्तविक पिवळा ही थांबण्याचीच आज्ञा आहे. सवलत फक्त त्याला, जो रेघेच्या इतका जवळ येऊन ठेपला आहे कीं एकाएकीं थांबल्यास अपघात व्हावा. यामागें साधें गणित आहे. ताशीं ४० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें ११ मीटर जाते. पिवळा सर्वसाधारणपणें ३ सेकंद राहतो. तेवढ्यांत ती ३३ मीटर जाईल. चालकाचें लक्ष जाऊन गाडी थांबावयास चांगल्या रस्त्यावर वीस-पंचवीस मीटर पुरतात. म्हणून रेघ याहून दूर असेल तर थांबावें, अगदीं तोंडाशीं असेल तर शांतपणें पार व्हावें. वेग वाढविणाराला या हिशेबांत कोठेंच जागा नाहीं.

हिंदुस्थानांत मोटारींविषयींचा पहिला सर्व देशाचा कायदा १९१४ चा. त्याच्या जागीं १९३९ चा आला, आणि हल्लींचा १९८८ चा. वाहन कसें चालवावें याचे नियम २०१७ मध्यें नव्यानें करण्यांत आले. तांबडा दिवा तोडणें हें २०१९ च्या दुरुस्तीनें धोकादायक रीतीनें वाहन चालविण्याच्या गुन्ह्यांत स्पष्टपणें घातलें गेलें. या सर्वांचें सार थोडक्यांत असें. तांबडा असतां थांब-रेघेच्या अलीकडे थांबावें, पट्ट्यांवर नव्हे. डावीकडे वळण्याची मोकळीक तशी पाटी वा हिरवा बाण असेल तेथेंच. हिरवा ही जाण्याची परवानगी आहे, हुकूम नव्हे. चौकांत कोणी अडकला असेल, किंवा वळण्याच्या वाटेवर कोणी रस्ता ओलांडीत असेल, तर त्याला आधीं जाऊं द्यावें. पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून, सावध राहून जावें. तांबडा लुकलुकत असेल तर एकदां पूर्ण थांबावें, आणि वाट निर्धोक दिसल्यावरच निघावें. चौकांत शिपाई हातानें खुणा करीत असेल, तर दिव्यापेक्षां त्याचा हात श्रेष्ठ. ज्यांना तांबडा व हिरवा हा भेद डोळ्यांनीं कळत नाहीं, त्यांच्यासाठीं दिव्यांचा क्रमहि ठरलेला आहे: उभ्या खांबावर तांबडा नेहमीं वर, हिरवा नेहमीं खालीं.

पादचाऱ्याचे दिवे याहून साधे. उभा राहिलेला तांबडा माणूस म्हणजे कडेला थांबावें. चालणारा हिरवा माणूस म्हणजे दोन्हींकडे पाहून निघावें. हिरवा लुकलुकूं लागला म्हणजे नव्यानें पाऊल टाकूं नये, पण जो मध्यावर पोहोंचला आहे त्यानें न घाबरतां पलीकडे जावें. हक्काबरोबर कर्तव्यहि आहे. दुभाजकावरून उडी मारून मधूनच रस्ता ओलांडणारा आपला जीव धोक्यांत घालतोच; शिवाय पट्ट्यांवरून चालणाऱ्याचा मानहि कमी करतो.

येथेंहि गणित विसरतां कामा नये. पंधरा मीटर रुंदीचा रस्ता धडधाकट माणूस बारा-तेरा सेकंदांत ओलांडतो. काठी टेकीत चालणाऱ्या वृद्धाला त्यालाच एकोणीस-वीस सेकंद लागतात. दिव्याची वेळ तरुणाच्या पावलावर बेतली, तर म्हातारा मध्यावर असतांनाच गाड्यांचा हिरवा लागतो. त्या सहासात सेकंदांत त्याचें रक्षण कोणी करावें? यंत्र करीत नाहीं, शिपाई प्रत्येक वेळीं असतोच असें नाहीं. त्याचें रक्षण करतो तो रेघेच्या मागें थांबलेला, हिरवा मिळूनहि क्षणभर न हलणारा चालक. हिरव्याचा जो मूळचा 'जपून' हा अर्थ, तो त्या क्षणीं पुन्हां जिवंत होतो.

रेल्वेचा आणि रस्त्याचा दिवा रूपानें भाऊ असले, तरी त्यांच्यांत मोठें अंतर आहे. रेल्वेंत तांबडा ओलांडणाऱ्या चालकाचें नांव-गांव ठाऊक असतें आणि त्याची चौकशी चुकत नाहीं. चौकांतला दिवा हजारों अनोळखी माणसांशीं बोलतो, आणि त्याचें बहुतेक सामर्थ्य ऐकणाऱ्याच्या मनांत असतें. अमरावतीचा परकोट आतां जागोजागीं खचला आहे, आणि अकोल्याच्या वेशींतून आतां मोटारी जातात. दगडाच्या भिंतींनीं शहराचें रक्षण करण्याचा काळ गेला. त्यांच्या जागीं रस्त्यावर एक पांढरी रेघ आली आहे, चुन्याहून थोडी जाड. परकोट ओलांडण्यास पेंढाऱ्यांना शिड्या लागल्या असत्या. ही रेघ ओलांडण्यास कांहींच लागत नाहीं. म्हणूनच तिच्या अलीकडे जो थांबतो, त्याच्या थांबण्याला मोल आहे. पलीकडे काठी टेकीत चाललेल्या माणसाला परकोट आहे तो तेवढाच.