मेटल डिटेक्टरचा छंद : यंत्र घेण्याआधी हे वाचा

मेटल डिटेक्टरच्या गोल कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि खाली धातू असला की आवाज येतो. पण आवाज नाण्याचा की गंजक्या खिळ्याचा, हे खोदल्याशिवाय नक्की कळत नाही. साध्या यंत्राला नाणं जेमतेम वीतभर खोलीपर्यंत सापडतं.

सुरुवात स्वतःच्या रानातच करावी. नाणं, खिळा, बाटलीचं झाकण वेगवेगळं पुरून आवाज ओळखायला शिकावं. दुसऱ्याच्या शेतात मालकाला विचारूनच जावं आणि खड्डे बुजवावेत.

किल्ले, लेणी, जुनी देवळं, पांढरीची टेकाडं इथं यंत्र नेऊच नये. संरक्षित स्मारकात विनापरवाना खोदणं गुन्हा आहे.

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. लपवल्यास १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कळवलं आणि ऐवज बेवारस ठरला, तर सापडवणाऱ्याला कायद्यानेच वाटा मिळू शकतो. म्हणून वस्तू घासूनपुसून सोनाराकडे नेऊ नये. आधी तहसील गाठावं, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा.